तळाचा फुरका

"तुमच्यावरून," डॉन ओलेगारिओ म्हणाले आणि टायची गाठ सारखी करत उठले.

प्रश्न माझा नेहमीचाच होता. प्रयोग संपला की तो मी प्रत्येकाला विचारते: कुठली पेटी उघडायची आणि कुठली सोडायची, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? कुणी म्हणतं चांदणीवरून, कुणी म्हणतं चंद्रकोर दिसली की सोडून द्यायचो. एक शिंपीण म्हणाली होती, मला मासा आवडत नाही म्हणून माशाची पेटी मी उघडलीच नाही. मी सगळं लिहून घेते. काम सोपं आहे. पडद्यावर पेटी येते, तिच्यावर एकदोन खुणा असतात, पेटी भरलेली निघाली तर एक गुण मिळतो, रिकामी निघाली तर एक जातो. कुठल्या खुणेवर किती विश्वास टाकायचा हे कुणी सांगत नाही, ते चुकतमाकत शिकायचं. ओळीने पंधरा पेट्या बरोबर आल्या की सुटका, नाहीतर दोनशे चाळीस पेट्या संपेपर्यंत बसायचं. शेवटी गुणांप्रमाणे चॉकलेटचे आल्फाहोर मिळतात आणि डॉक्टरने गोड बंद केलेली माणसंही ते खिशात घालून नेतात. डॉन ओलेगारिओ माझे पासष्टावे. खरं तर ते मोजणीत नव्हतेच. माझा प्रबंध लिहून झाला होता, तीन आठवड्यांनी तोंडी परीक्षा होती आणि तिथे दाखवायला एक चित्रफीत हवी होती, म्हणून आईने तिच्या इमारतीतले हे शेजारी धाडून दिले होते. ते टाय बांधून आले आणि बावीस मिनिटांत मोकळे झाले. एवढ्या लवकर कुणीच सुटलं नव्हतं.

"माझ्यावरून म्हणजे?"

"तुमच्या मातेवरून." त्यांनी माझ्या हातातल्या कडू चहाच्या तुंब्याकडे बोट दाखवलं. "पेटी रिकामी असली की तुम्ही शेवटपर्यंत ओढता, तळाचा फुरका येतो. भरलेली असली की मधेच थांबता, श्वाससुद्धा धरता. बाई, एकतीस वर्षं मी बसमध्ये तिकिटं फाडली. कोण कुठल्या थांब्यावर उतरणार हे मला त्यांच्या आधी कळायचं. तुमच्या चांदण्याबिंदण्या मी बघितल्याच नाहीत." माझं तोंड उतरलेलं त्यांना दिसलं असावं, कारण लगेच म्हणाले, "पण खेळ झकास आहे हो. निबियाबाईंना सांगतो मी, तुमची मुलगी हुशार आहे म्हणून." आणि आईसाठी एक आल्फाहोर जास्तीचा घेऊन ते गेले.

ते गेल्यावर मी त्यांच्या खुर्चीत बसले. दोन वर्षांत त्या खुर्चीत मी कधी बसले नव्हते. माझी जागा मागे, डावीकडे, खिडकीपाशी. तिथे माझा एक लहान पडदा आहे आणि त्यावर पेटी यायच्या दीड-दोन सेकंद आधी एक ठिपका उमटतो, भरलेलीला हिरवा, रिकामीला करडा. यंत्र नीट चाललंय ना एवढं बघायला तो ठिपका मीच हौसेने घालून घेतला होता. समोरच्या भिंतीवर गोल घड्याळ, खाली रस्त्यावर चिनाराची पानं पिवळी पडून गळत होती, एप्रिल संपत आला होता, आमच्याकडे हे पानगळीचे दिवस. सवयीने मी तुंबा हातात घेतला, थर्मासमधून गरम पाणी ओतलं, नळी ओठांत धरली आणि मला ओढताच येईना. ओठ आपले नसल्यासारखे झाले. माते म्हणजे तुंब्यातल्या पातीवर गरम पाणी ओतून नळीने ओढायचा कडू चहा; आमच्या माँतेविदेओत तो पिणारा माणूस कुणाला ऐकूच येत नाही. बसचा चालक पितो, बँकेच्या रांगेतले पितात, प्रेतापाशी बसलेले पितात, काखेत थर्मास आणि हातात तुंबा घेऊन लोक नदीकाठच्या रस्त्यावर मैलन्‌मैल चालतात. पाणी संपल्याचा तो सुर्रर्र आवाज इथे पंख्याच्या आवाजासारखा असतो, असून नसल्यासारखा. दुसऱ्या कुठल्या देशात प्रयोग घेणाऱ्या बाईच्या हातात असला आवाज करणारी वस्तू कुणी राहू दिली नसती. मी मात्र दाराच्या फटीला कापड लावलं होतं, घड्याळाची टिकटिक बंद करून घेतली होती, लोकांना बूट काढून आत यायला सांगत होते, आणि मग त्यांच्या मागे बसून दोन वर्षं फुरके मारत होते.

थर्मास पापांचा. बुडाशी एक पोचा आहे, तो मी पाच वर्षांची असताना माझ्या हातून पडला त्याचा. पापांचं नाव वॉशिंग्टन, वॉशिंग्टन बेरुट्टी. आमच्याकडे असली नावं ढिगाने असतात, पुढे स्पेनमध्ये मात्र त्यांनी नाव सांगितलं की लोक खरं नाव विचारायचे. ते छापखान्यात होते आणि शनिवारी दुपारी छापखान्यातले चौघे आमच्या स्वयंपाकघरात पत्त्यांचा ट्रुको खेळायला जमायचे. कधी चौथा आला नाही की पापा मला खुर्चीवर उशी घालून जोडीदार म्हणून बसवायचे. ट्रुकोत आपल्या जोडीदाराला आपलं पान खुणेने कळवायचं असतं. भुवई उचलायची, ओठ मुडपायचा, जिभेचं टोक क्षणभर दाखवायचं, आणि हे सगळं समोरच्या दोघांची नजर चुकवून. मला ते मुळीच जमायचं नाही. चांगलं पान आलं की माझा सगळा चेहराच खूण व्हायचा. "ही बघा, दिवाळं काढणार माझं!" असं म्हणून पापा हसायचे आणि हरायचे. त्यांचा एक नियम होता, तो त्यांनी मला पत्ते पिसता पिसता सांगितला होता. तोंडाने हवं तेवढं खोटं बोल. हातात कचरा असला तरी टेबलावर मूठ आपट, आरडाओरडा कर, शिव्या दे. पण खूण खोटी करायची नाही. खुणेच्या भरवशावर जोडीदार बसलेला असतो.

आणि मग त्यांनीच ती खोटी केली, असं मी बावीस वर्षं धरून चालले होते. घरातून निघताना पापा थर्मास बरोबर घेऊन गेले तर रात्रीपर्यंत यायचे नाहीत, टेबलावर ठेवून गेले तर जेवायच्या वेळेला परत. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, कुठलंही मूल शिकतं तशी मी शिकले होते. त्या हिवाळ्यात बँका बंद झाल्या, छापखानाही बंद झाला, आमच्या गल्लीतली माणसं एकेक करून स्पेनला जायला लागली. ऑगस्टातल्या एका सकाळी मी स्वयंपाकघरात भागाकार करत बसले होते. पापा दारात उभे राहून म्हणाले, "येतो गं." मी मान वर केली, टेबलावर थर्मास बघितला आणि पुन्हा भागाकारात मान घातली. बॅग आदल्या दिवशीच काकाकडे गेली होती, हे नंतर कळलं. भागाकाराला बाकी तीन उरली होती, ती मला अजून आठवते, आणि पापांनी त्या दिवशी कुठला कोट घातला होता हे कितीही डोकं खाजवलं तरी आठवत नाही. हा विषय का निवडलास म्हणून लोक मला विचारतात तेव्हा मी सांगते की शिष्यवृत्ती होती म्हणून. माणूस खुणा कशा वापरतो याचं गणित मांडणं हे माझं काम. प्रत्येक माणसाचे चारपाच आकडे निघतात. तो किती लवकर शिकतो, चांदणीला किती मानतो, माशाला किती मानतो, एकदा फसल्यावर किती वेळ घुम्यासारखा बसतो. आणि सगळं मांडून झाल्यावर जे कशातच बसत नाही त्याला आम्ही गोंगाट म्हणतो. गोंगाट प्रत्येकाचा असतो, त्याबद्दल कुणी कुणाला दोष देत नाही.

प्रयोगाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत खोलीत ध्वनिमुद्रण चालू राहायचं, ते खरं तर शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरांसाठी होतं. मी ती मुद्रणं काढली आणि दुसऱ्या दिवसापासून कानाला लावून बसले. आठवडाभर मी स्वतःला ऐकलं. असं कुणी करू नये. आधी फक्त खोलीचा सूं आवाज, मग माझी खुर्ची, मग पाणी ओतल्याचा, मग फुरका, किंवा निम्म्यावर तुटलेला फुरका आणि त्याच्यामागे माझा धरलेला श्वास. दर पेटीला नाही, पण तिनांतल्या दोन पेट्यांना तरी काहीतरी होतंच. हिरव्या ठिपक्यापाशी माझे ओठ थांबत होते. मला चांगलं आठवतं, लोक जिंकावेत असं मला मनापासून वाटायचं. भरलेली पेटी येतेय हे दिसलं की आत कुठेतरी मी म्हणायचे, उघड, उघड ना. ते म्हणणं ओठांवाटे सगळ्या खोलीत सांडत होतं आणि मला पत्ता नव्हता. ऐकता ऐकता मला डुलकी लागायची, आणि झोपेत मी उशी घातलेल्या खुर्चीवर असायचे, हातात तीन पानं, समोर चौसष्ट माणसांच्या पाठी, आणि माझा सगळा चेहरा उघडा. जाग आली की कानात तोच फुरका चालू असायचा.

आठवड्याअखेरीस मी गणितात एक रकाना वाढवला. चांदणी, चंद्रकोर, मासा आणि फुरका. तीन माणसं मी पूर्वीच यादीतून काढून टाकली होती, उरलेल्या एकसष्टांची गणितं पुन्हा लावली. अडतीस जणांचा गोंगाट एकदम खाली बसला. अडतीस जण चांदणीवरून शिकलेच नव्हते, ते माझ्यावरून शिकले होते. त्यांना ते ठाऊकही नव्हतं, कागदावर त्यांनी प्रामाणिकपणे चांदणी असंच लिहिलं होतं. आणि माझ्या प्रबंधाचा सगळा डोलारा तर याच्यावरच उभा होता की आमच्या शहरातली माणसं इतर ठिकाणच्या माणसांपेक्षा अंधुक खुणांवरून फार चांगलं शिकतात. एल्बिओंनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, त्याच्यावर एक सिद्धान्त बेतला होता. ज्या देशात काहीच टिकत नाही तिथे माणसं बारीकसारीक खुणांना जपतात, असं काहीतरी. दोन परिषदांत टाळ्या पडल्या होत्या. मी मात्र त्या रात्री जेवले नाही.

एल्बिओ पिरीस माणूस वाईट नाही. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, ऐकताना स्वतःचा तुंबा भरला, ओढला, पुन्हा भरून माझ्यापुढे केला. मी नको म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या हातची माते नाकारली असेन.

"आता मातेवरही राग?" ते म्हणाले. "नोएमी, या शहरात माते नसलेली एक खोली मला दाखव. तू काय पाप केलंस?"

"अडतीस जण, एल्बिओ."

"अडतीस जणांचा तू लावलेला अर्थ. फुरका ऐकून ठरवलं, की ठरवलं आणि त्याच वेळी फुरका वाजला, हे तू शपथेवर सांगशील?"

"सांगेन."

"कुणी विचारलंय तुला?" ते उठून खिडकीशी गेले. त्यांचा आवाज खाली आला, आणि तो खाली आला की ते खरं बोलतात. "हे बघ पोरी. शिष्यवृत्ती जूनमध्ये संपते. नवे चौसष्ट लोक बसवायचे तर दीड वर्ष जाईल आणि तुझ्यासाठी पैसे माझ्याकडे नाहीत, कुणाकडेच नाहीत. तू पुन्हा शिकवण्या करशील, मग कुठेतरी जाहिरातीच्या कंपनीत जाशील, लोकांनी साबण का घेतला ते मोजत बसशील. एक काम कर. शेवटच्या पानावर मर्यादा लिहितो ना आपण, तिथे एक ओळ टाक. प्रयोग घेणारी व्यक्ती प्रयोगाच्या वेळी खोलीत उपस्थित होती. खोटं आहे का हे?"

खोटं नव्हतं. एक शब्द खोटा नव्हता. मी जिना उतरून खाली आले तेव्हा मला चक्क हलकं वाटत होतं, लाज वाटायला हवी होती पण हलकंच वाटत होतं. मी नदीकाठाने चालत घरी गेले. तपकिरी पाणी कठड्यावर आपटत होतं, म्हातारी माणसं घडीच्या खुर्च्या टाकून उन्हाकडे तोंड करून बसली होती, सगळ्यांच्या हातात तुंबे, आणि माझ्या कानांना मात्र आता एक वाईट खोड लागली होती. प्रत्येकाचा फुरका मला वेगळा ऐकू येत होता. हा कंटाळून ओढतोय. ही बाई नवऱ्याला काहीतरी सांगणार आहे आणि सांगत नाही. घरी येऊन मी ती ओळ लिहिली. उपस्थित होती. मी ती तीनदा वाचली आणि मला भूक लागली.

ओळीपाठोपाठ एक तळटीप द्यायची होती, एकूण किती जण बसले आणि किती वगळले याची. तीन वगळले होते. एकाला खोकल्याची उबळ आली म्हणून, एक मुलगी अर्ध्यात उठून गेली म्हणून, आणि सदतीस नंबर अर्ध्याहून कमी पेट्या बरोबर आल्या म्हणून. आमचा नियमच आहे, अर्ध्याहून कमी आलं तर त्या माणसाला काम समजलं नाही असं धरायचं आणि ओळ काढून टाकायची. नाणं उडवून ठरवलं तरी निम्म्या बरोबर येतात. सदतीस नंबर म्हणजे पापा.

गेल्या वर्षी जुलैत ते अकरा दिवस आले होते, पेन्शनच्या कागदांसाठी. उतरले एका लॉजमध्ये. आई म्हणाली, "भेट जा, तुझे वडील आहेत, माझे कुणी नाहीत." तीनदा भेटलो आम्ही. दोनदा कॉफीच्या दुकानात, तिथे आम्ही दोघांनी साखरेच्या पुड्या वाचल्या. लहानपणी मी त्यांना तू म्हणत असे, आता तोंडातून तुम्ही येत होतं, आणि ते त्यांना दर वेळी टोचत होतं हे मला कळत होतं आणि बरं वाटत होतं. तिसऱ्यांदा ते मी काम करते ती जागा बघायला आले. त्या दिवशी ठरलेला एक माणूस आला नव्हता. बोलायला काहीच नव्हतं म्हणून मी म्हटलं, "बसता का?" घरच्या माणसाला बसवायचं नसतं, पण बसवलं. खोलीत शिरताना त्यांना खिडकीपाशी थर्मास दिसला. त्यांनी वाकून त्याचा पोचा अंगठ्याने चाचपला. "अजून आहे हा?" एवढंच म्हणाले, आणि बूट काढून, माझ्याकडे पाठ करून खुर्चीत बसले. मी नियम वाचून दाखवले. ओळीने पंधरा बरोबर आल्या की संपलं. नाहीतर दोनशे चाळीस.

ते सगळ्या दोनशे चाळीस बसले. नोंद आहे, एक तास एक्केचाळीस मिनिटं, चौसष्टांत सगळ्यांत जास्त. मला त्यांची मान आठवते, न्हाव्याने नुकतीच कोरलेली, पांढरी, माझ्या आठवणीतल्या मानेपेक्षा बारीक. रिकामी पेटी उघडली की यंत्र एक भोंगा वाजवतं, तो वाजतच होता. सुरुवातीला मला वाईट वाटलं, मग चीड आली, मग मी सोडून दिलं. मुलीला काय काम आहे, ती काय करते, हे समजून घ्यायची सुद्धा यांची तयारी नाही, असं मनात आलं. संपल्यावर त्यांनी समोरच्या घड्याळाकडे बघितलं. "झालं?" म्हणाले. मी त्यांना उत्तेजनार्थ एक आल्फाहोर दिला. गुरुवारी त्यांचं विमान होतं. शुक्रवारी मी त्यांची ओळ काढून टाकली, आणि ती काढताना मला जे वाटलं त्याला आनंद हाच शब्द आहे.

तळटिपेसाठी फक्त आकडा हवा होता. तरी मी सदतिसाव्याचं मुद्रण लावलं. बाहेर चांगलं ऊन होतं, शेजारच्या बाल्कनीत कुणीतरी चादरी झटकत होतं. मुद्रणात माझी खुर्ची, माझं पाणी, फुरका. त्यांचा श्वास जरा जड. मी एकेक पेटी मांडत गेले. पहिल्या वीसेक पेट्यांत कसलाच मेळ नव्हता, तो कुणाच्याच नसतो. मग सलग बारा पेट्या बरोबर. बारा. मी हे पूर्वी कधी पाहिलंच नव्हतं, मी बेरीज पाहिली होती. तेरावी बरोबर. चौदावी बरोबर. पंधराव्या पेटीला माझा फुरका तळापर्यंत गेलेला स्वच्छ ऐकू येतो, रिकामी, आणि त्यानंतर काही वेळ काहीच नाही. आणि मग ते पेटी उघडतात. भोंगा.

तिथून पुढे मी पेन खाली ठेवला आणि नुसतं ऐकलं. फुरका तुटला, पेटी भरलेली, त्यांनी सोडली. फुरका तळाला गेला, पेटी रिकामी, त्यांनी उघडली. तुटला, सोडली. तळाला, उघडली. जिथे माझा आवाज नव्हता तिथे ते इतरांसारखे धडपडत होते, काही बरोबर काही चूक. पण मी जिथे जिथे सांगितलं होतं तिथे तिथे, एकशे एकोणसाठ पेट्यांपैकी एकशे त्रेपन्न पेट्यांना, ते चुकले होते. इतकं अचूक चुकायला बरोबर काय ते दर वेळी माहीत असावं लागतं. मी गणित लावलं, लावायची गरज नव्हती तरी लावलं. फुरक्याच्या रकान्यात चौसष्टांत सगळ्यांत मोठा आकडा आला, डॉन ओलेगारिओंपेक्षाही मोठा, आणि त्याच्यापुढे उणे चिन्ह. गोंगाट जवळजवळ शून्य. पंधरा आल्या असत्या तर त्यांना उठावं लागलं असतं.

मी रडले. तेवढं सांगायला हरकत नाही. शेजारणीच्या चादरी झटकून झाल्या, ती आत गेली, तरी मी बसूनच होते. बावीस वर्षं मी म्हणत आले की या माणसाने मला खोटी खूण दिली. थर्मास त्यांनी खूण म्हणून ठेवला होता की मागे आम्हाला असावा म्हणून, हे मी कधी विचारलंच नव्हतं. तो माझा रकाना होता, त्यांचा नव्हे.

आता ती ओळ समोर होती. उपस्थित होती. ती ठेवायची तर सदतिसावी ओळ वगळलेली राहते, काम न समजलेला माणूस म्हणून. ती परत घालायची तर फुरक्याचा रकाना दाखवावा लागतो, आणि तो दाखवला की प्रबंधावर पाणी सोडायचं. मी फार वेळ घेतला असं म्हणता येणार नाही. एल्बिओंना आणि परीक्षकांना एकच पत्र लिहिलं. चौसष्टांपैकी अडतीस जणांच्या निकालांवर माझ्या आवाजाचा परिणाम झाला आहे, सदतीस नंबर हा एकोणचाळिसावा, त्याला मी चुकून वगळलं होतं, तो माझा बाप आहे, सगळी मुद्रणं सोबत जोडली आहेत, तोंडी परीक्षा रद्द करावी. एल्बिओंचं उत्तर तासाभरात आलं: "तू शुद्धीवर आहेस का?" पाच मिनिटांनी दुसरं: "सदतिसाव्याचं मी ऐकलं. सोमवारी ये. मातेचं सामान घरी ठेवून ये."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. खाली रस्त्यावर आठवडी बाजार भरला होता, जुनी भांडी, कोंबड्या, सुटे नळ, पिंजऱ्यातले पोपट. माझ्याकडे दुपारचे बारा, म्हणजे स्पेनमधल्या बीगोत संध्याकाळचे पाच. पापा गोदीजवळ एका खोलीत राहतात आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून आपल्याकडची पाती आणून मातेच पितात, कॉफी त्यांना कधी रुचली नाही. फोन उचलला तेव्हा त्यांच्या तोंडात नळी होती. मला ऐकू आली.

"नोएमी? सगळं बरं आहे ना? निबिया बरी आहे?"

"बरी आहे. तिचे एक शेजारी तिला आल्फाहोर आणून देतात."

"हो का," ते म्हणाले आणि ओढायला लागले. लांब, सावकाश, तळाकडे चाललेला घोट.

"पापा, ते पेट्यांचं आठवतं का? माझ्या खोलीतलं?"

फुरका मधेच तुटला. त्यांच्या रस्त्यावरून एक मोटार गेली, माझ्या खालून कुणीतरी ओरडलं की दोन घेतले तर तिसरा फुकट. मी पण श्वास धरून होते.

"थोडं थोडं," ते म्हणाले. "चांदण्या होत्या ना? मला काय कळणार त्यातलं, मुली. बसलो आपला बोटं आपटत. फार वाईट गुण पडले असतील."

"सगळ्यांत वाईट."

"बघ! म्हटलं नव्हतं?" ते हसले. टेबलावर मूठ आपटायचे तेव्हा हसायचे तसंच.

"मी तुझी ओळ काढून टाकली होती. आता परत घातलीये."

मी तू म्हटलं होतं, ते माझ्याही नंतर ध्यानात आलं.

"उगाच बसवलं तुला इतका वेळ," मी म्हणाले. "दीड तास तरी झाला असेल."

"एक तास एक्केचाळीस मिनिटं," पापा म्हणाले.